गळ्यावरचा निळसर डाग

आमच्या जावयांना पुसायची भारी खोड. गौरवराव त्यांचं नाव. आखातात, हमद टाउनला मी लेकीकडे आले त्याच आठवड्यात त्यांनी माझं पितळी पातेलं लखलखीत करून ठेवलं, आतली कल्हई सगळी घासून! वर मलाच सांगतात, "आई, आत काळपट डाग होते." तांबटाच्या लेकीला पितळ शिकवतात! चार दिवस मी बोलले नाही. त्यांना तेवढंच बरं वाटलं.

नोकरी रायफल क्लबात. लोक नेमबाजी करतात, मागे काडतुसांच्या पितळी पुंगळ्या उरतात. त्या गोळा करायच्या, साफ करायच्या, मापात आणायच्या, दारू-गोळी घालून पुन्हा भरायच्या, हे यांचं काम. पण महिनाभर पुंगळ्या गळ्याशी, म्हणजे गोळी बसते तिथं, चिरत होत्या. क्लबाचे सिराजसाहेब म्हणाले, "गुरुवारी माझ्यासमोर वीस बार काढायचे. एक जरी पुंगळी चिरली तर हे काम खलास, आणि तू घरी." घरी म्हणजे महाडला. माझी लेक मृणाली दोन दिवस धड जेवली नाही.

जावयांनी बंदुकीच्या दारूचं वजन तपासलं, यंत्र खोललं, दारूवाल्याला शिव्या घातल्या. शेवटी संध्याकाळी चिरलेल्या पुंगळ्यांचा डबा ओट्यावर ओतून डोकं धरून बसले. मी एक उचलली.

"किती वेळा भरलीय ही?"

"सहा-सात वेळा. आई, हे तुमचं भांडं नाही. शास्त्र आहे."

"असू दे शास्त्र. कोरी दाखवा."

त्यांनी एक कोरी काढून दिली. मी चष्मा लावला. गळ्याभोवती निळसर छटा.

"हे काय?"

"डाग. कारखान्यातूनच येतो. मी आधी तो घालवतो. साहेबांना चमक लागते."

"डाग कसला, विस्तवाची खूण ती! माझे वडील पातेल्याचा काठ ठोकायचे. ठोकून पितळ ताठरलं की भट्टीत ताव देऊन मऊ करायचे. नाही दिला तर काठ तडकलाच. कारखान्यानं एकदा ताव दिला. पुढे बार उडून सात वेळा गळा फाकला, सात वेळा तुम्ही मापात आवळलात. त्याचा ताव कुणी द्यायचा?"

जावई हळूच म्हणाले, "अख्खी पुंगळी तापवायची?"

"बूड नाही! बूड मऊ पडलं तर दणका कोण सोसणार? बुडं पाण्यात उभी करा, आच नुसती गळ्याला."

त्यांनी मोबाइलवर शोधलं. वाचता वाचता तोंड उतरलं. तिथंही तेच लिहिलेलं.

बुधवारी त्यांनी क्लबात धड पुंगळ्या निवडून ताव दिला, आणि या खेपेला गळे पुसले नाहीत. गुरुवारी मीही गेले. सिराजसाहेबांनी नाक मुरडलं, "गंदा दिखता है."

"दिखने दो," मी म्हटलं आणि कानात कापूस कोंबला.

वीस बार झाले. साहेबांनी एकेक पुंगळी उन्हात धरली, गळ्यावरून नख फिरवलं. वीसही धड! "काम चालू," ते म्हणाले. "किसने सिखाया?"

जावयांनी माझ्याकडे बोट केलं. तेवढं माणूसपण आहे.

मी पदर सारखा केला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "गौरवराव, हात तुमचा चांगला, पुसायची घाई वाईट. आधी विचारायचं, मग पुसायचं. आता महाडला जाल ते सुट्टीला जाल. जाताना माझं पातेलं न्यायचं, आणि कल्हई करूनच परत यायचं."