मोरचुदात बुडालेला विळा

मी एक जुना विळा आहे. माझी गोष्ट एका पत्रापासून सुरू करतो. त्या पत्राला माझ्या मालकांनी दीड महिना उत्तर दिले नव्हते, आणि खोटे कशाला सांगू, मला त्याचे समाधान वाटत होते.

मित्रांनो, सौंसरच्या एका लोहाराने मला घडवले. जवळच्या रामाकोना गावच्या यशवंतरावांनी मला त्यांच्या संत्र्याच्या बागेत नेले. बुंध्यातून डिंक गळू लागला की तिथली कुजकी साल मी खरवडायचो. दुसरे काम मानाचे होते. प्लास्टिकच्या एका बादलीत मोरचूद, म्हणजे तांब्याचे निळे खडे, दुसरीत चुना भिजवून दोन्ही एकत्र केले की निळे बोर्डो मिश्रण होते. फवारल्यावर पानांवर, सालीवर त्याचा पातळ थर बसतो. ओलाव्यात बुरशी रुजू लागली की त्या थरातले तांबे तिला मारते. आत शिरलेली बुरशी मात्र त्याने मरत नाही, म्हणून आधीच फवारावे लागते. पण चुना कमी पडला तर तेच तांबे कोवळी पाने जाळते. म्हणून आधी मला त्यात बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुना घालायचा.

यशवंतरावांचा धाकटा भाऊ प्रफुल्ल या चाचणीला हसायचा. "दादा, दुनिया कुठं गेली, अन् तू इळाच बुचकळून राहिला."

वाटणीत त्याने विहिरीकडची बाग घेतली आणि मला नालीत फेकले. "हे भंगार तूच ठेव." यशवंतरावांनी मला उचलले, पुसले. त्या दिवसापासून आम्हा दोघांना एकच हवे होते: त्याची बाग जळावी.

यशवंतराव त्याचा फोन उचलत नव्हते, म्हणून पत्र आले. "दादा, बुंध्याले डिंक सुटला. दोनशे झाडं हातची जाऊन राहिली. तुह्या मिश्रणाचं माप कळव."

पावसाळा तोंडावर आला तेव्हा यशवंतराव उत्तर लिहायला बसले. शंभर लिटर पाणी, एक किलो मोरचूद, पाव किलो चुना. चुना खरे तर किलोभर लागतो. रंगावरून प्रफुल्लला संशय येईल का, हे पाहायला त्यांनी त्याच मापाने थोडे मिश्रण केले. ते निळेशार दिसले. मग सवयीने त्यांनी मला बुडवले.

मला कोरे राहायचे होते, म्हणजे ते खोटे माप तसेच गेले असते. फार राहायचे होते. पण लोखंडाला ते जमत नाही. मी तांबडा होऊन बाहेर आलो.

त्यांच्या पत्नी वत्सलाबाई ओसरीत आल्या. "हे कोन्या झाडाले?"

"प्रफुल्लच्या."

त्यांनी माझ्या पात्याकडे पाहिले. "यानं तुमचा भाऊ जळंल का झाडं? कलमं कोनं बांधली होती ती?"

"म्याच," यशवंतराव म्हणाले.

त्यांनी कागद फाडला आणि खरे माप लिहिले. खाली एक ओळ घातली: "माहा इळा मांगू नको. लोहाराकडून सोताचा घडवून घे, अन् दरवेळी बुडव."

मित्रांनो, काम झाले की मला धुऊन कोरडे ठेवत जा. आणि मनात राग असताना कुणाच्या झाडांचे माप लिहू नका. मी स्वतः अजून प्रफुल्लला माफ केलेले नाही. यशवंतरावांनीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सौंसरला गेले आणि पत्र पेटीत टाकून आले.