तीन चिजांचा धागा

आचऱ्यातल्या मेस्त्रींच्या पडवीत दर गुरुवारी संध्याकाळी पेटी बाहेर यायची. गुरुदास मेस्त्री हायस्कुलातून निवृत्त झाले, तेव्हापासूनचा हा रिवाज. ते एकामागून एक रागदारीतल्या तीन चिजा वाजवायचे आणि भाता मिटून विचारायचे, "काय धागो आसा ह्येंच्यात?"

हे कोडं सोडवायला बसायचा इद्रीस. मालवणात त्याचं जाळ्यांचं आणि दोरांचं दुकान होतं, पण तरुणपणी दोघांनी एकाच गुरूंकडे तालीम घेतलेली. तो डोळे मिटून गुणगुणायचा, मांडीवर ताल धरायचा. गुरुदासांची बायको नर्मदा दाराशी बसून ऐकायची. ती स्वतः गात नसे, पण इतकी वर्षं ऐकून कान पक्का झाला होता.

एकदा गुरुदासांनी भूप, मालकंस आणि दुर्गा या तीन रागांतल्या चिजा वाजवल्या. इद्रीस कितीतरी वेळ अडला. मग त्याची नजर गुरुदासांच्या बोटांवर गेली आणि तो ओरडलाच, "पट्ट्यो त्योच मरे! पाच काळ्यो. षड्ज तेवढो हलयलंस तू!" गुरुदास असे हसले की शेजारणीनं कुंपणावरून डोकावून पाहिलं.

त्यानंतरच्या वर्षभरात घरात बारीकसारीक चुकू लागलं. आचऱ्याच्या बाजारात गेलेले गुरुदास तिठ्यावर उभे राहून घरचा रस्ता आठवत बसले. मंगळवारी पेटी बाहेर काढून इद्रीसची वाट पाहू लागले. नर्मदा प्रत्येक वेळी स्वतःची समजूत घालायची, वय झालं, आणखी काय. कुणाकडे बोलली नाही.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी त्यांनी भैरवातली विलंबित चीज वाजवली, मग सारंग, मग तिलककामोद. नेहमीचा प्रश्न विचारला. इद्रीस विचारात पडला. नर्मदाही मनात शोधू लागली. ताल वेगळे, वेळा वेगळ्या, शब्दांतही काही जुळेना. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. उत्तराची वाट बघताना त्यांच्या डोळ्यांत नेहमी खोडकरपणा असायचा. आज तो नव्हता. ते इद्रीसच्या तोंडाकडे टक लावून होते, जणू उत्तर त्यांनाही हवं होतं.

इद्रीसनं डोळे उघडले. म्हणाला, "तिन्हींची सम रिषभार येता."

गुरुदासांनी हळूच मान डोलावली. मग म्हणाले, "बरोबर."

तिसऱ्या चिजेची सम नर्मदेनं नीट ऐकली होती. ती रिषभावर नव्हे, पंचमावर होती.

इद्रीस स्कूटर काढत होता तेव्हा ती बेड्यापर्यंत, कुंपणाच्या फाटकापर्यंत, त्याच्यामागून गेली. "इद्रीसभाई, तिसरी सम पंचमार होती."

"म्हायत आसा, वयनी."

"मगे?"

"तेचा त्वांड बघूक होयना माझ्यान." त्यानं मान खाली घातली. "धागोच नाय होतो गो. खूप सोधलंय."

तिला त्याचा राग आला, आणि त्याच क्षणी त्याचे पाय धरावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवरून आली तर पडवीत पेटी वाजत होती. तीच तिसरी चीज, पुन्हा पुन्हा, समेपर्यंत आणून थांबवलेली. गुरुदासांचा चेहरा लाल झाला होता. डोकं दगा देत होतं, पण कान शाबूत होता. त्यांनी इद्रीसला फोन लावला.

"सूर खोटो सांगलंस माका? सूर? पुन्हा ह्या घरात येव नको." आणि फोन आपटला.

पुढच्या गुरुवारी इद्रीस आला नाही. गुरुदास पेटीपुढे नुसते बसून राहिले. त्या दिवशी नर्मदेचा धीर सुटला.

"इद्रीसभाई खोटा बोललो, खरा आसा. पण तुमी 'बरोबर' कित्याक म्हटलात?"

त्यांनी भाता उघडला, पुन्हा मिटला. मग पेटीकडे बघतच म्हणाले, "माझा उत्तर माकाच आठवला नाय. म्हटलंय, ह्यो सांगता ताच आसतला." पुढे म्हणाले, "उत्तर होता की नाय, ता सुद्धा माका सांगूक येवचा नाय."

इतके महिने ती ज्याला भीत होती ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

गोव्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. "हे वाढत जाईल. किती वेगानं, ते सांगता येत नाही."

"आणि चिजा?" गुरुदासांनी विचारलं.

"संगीत बहुतेकांचं उशिरापर्यंत टिकतं. पण खात्री नाही देता येणार."

परतताना मालवण आलं तसे गुरुदास आचऱ्याची गाडी सोडून बाजाराकडे चालू लागले. नर्मदा मागून. इद्रीसच्या दुकानात ते दोरांच्या भेंडोळ्यांपाशी उभे राहिले. इद्रीस गडबडीनं उठला.

"गुरवारी ये," गुरुदास म्हणाले. "पण धागो नसलो तर नाय म्हणान सांग."

"तुका त्रास होतलो रे."

"होव दे. घर, रस्तो, वार, सगळा फसवता माका आता. तू तरी फसव नको."

इद्रीसनं त्यांचा हात धरला. मान डोलावून होकार दिला.

तो येऊ लागला. पहिले काही गुरुवार कोडी नीट जमली आणि नर्मदेला वाटलं, गोळ्यांचा गुण येतोय. शिमग्याच्या सुमारास मात्र एका संध्याकाळी गुरुदासांनी तीन चिजा वाजवल्या आणि इद्रीस अडला. त्यानं पुन्हा पुन्हा गुणगुणून पाहिलं. नर्मदेनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. खोटं बोल रे बाबा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

"नाय, गुरुदास," इद्रीस म्हणाला. "ह्येंच्यात धागो नाय."

गुरुदासांचा चेहरा उतरला. त्यांनी डोळे मिटून तिन्ही मुखडे स्वतःशीच म्हणून बघितले.

"नाय मां?"

"नाय."

"बरा." त्यांनी सुस्कारा सोडला आणि दोन्ही हातांनी पेटी इद्रीसकडे सरकवली. "मगे आता तू कोडा घाल, मी सोडयतंय."

इद्रीसनं डोळे पुसले, भाता सोडला आणि एक चीज वाजवली, मग दुसरी, मग तिसरी. गुरुदास कान देऊन ऐकत होते.

"पयली परत वाजव," ते म्हणाले.

इद्रीसनं पहिली परत वाजवली.