कोणी हात लावू नका

हॉलमध्ये खुर्च्या दोनशे आणि माणसं तीनशे. उरलेली शंभर भिंतीला चिकटून उभी. सगळ्यांचे डोळे पडद्यावर, आणि पडद्यावर काय, तर मायक्रोस्कोपखालचे शुक्राणू. निपचित पडलेले. एकही हलत नव्हता.

"बघा!" हातवाले बाबा माइकमध्ये हळहळले. "हे या गृहस्थांचं बीज. मेलंय!"

पहिल्या रांगेत बसलेल्या दाजींनी मान खाली घातली. शेजारी ताई, आणि तिच्या शेजारी तिची धाकटी बहीण. घरात तिला छोटी म्हणत. शुक्राणूंवर संशोधन करायला लागून तिला दहा महिने झाले, तरी घरात ती छोटीच.

बाबांनी लगबगीने काचपट्टी उचलली आणि दोन्ही तळव्यांत धरून डोळे मिटले. "माझ्या नाडीतली प्राणऊर्जा चोपन्न लहरींनी पेशीच्या गाभ्यात उतरते," वगैरे वगैरे. लहरी चोपन्नच का, पंचावन्न का नाहीत, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. दोन मिनिटांनी काचपट्टी परत जागेवर गेली आणि पडदा वळवळायला लागला. शेकडो शुक्राणू शेपट्या मारत सैरावैरा पळत होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे कुणीतरी हुंदके देऊन रडायला लागलं.

"आता त्या सुया फेकून दे," बाबा ताईला म्हणाले. "दोष तुझ्यात नव्हताच, मुली."

ताईचा चेहरा असा उजळला, की छोटीला तिच्याकडे बघवेना. सहा वर्षं सासूबाईंचे टोमणे खाल्लेली ताई या एका वाक्यासाठी आसुसली होती. पण खरं वेगळंच होतं. दाजींचा रिपोर्ट उत्तम होता आणि ताईच्या दोन्ही गर्भनलिका बंद होत्या. स्त्रीबीज बाहेर काढून फलन करायचं ठरलं होतं. त्यासाठी रोज संध्याकाळी सातला इंजेक्शन चालू होतं. आठ झाली होती, दोनच उरली होती. आता थांबलं की सगळ्यावर पाणी.

"ताई, सातला इंजेक्शन आहे," छोटी कुजबुजली.

"गप्प बस गं! डोळ्यांनी बघितलंस ना? तू अजून शिकतेयस. ते करून दाखवतात."

छोटीचं डोकं सणकलं. लॅबमधल्या पहिल्याच आठवड्यात तिने फ्रीजमधली काचपट्टी तशीच मायक्रोस्कोपखाली सरकवली होती आणि वहीत 'सगळे मृत' असं लिहून मोकळी झाली होती. मॅडमनी वही वाचली आणि पाच मिनिटांनी तिला पुन्हा बघायला लावलं. पुढे महिनाभर अख्खी लॅब तिला यमदूत म्हणत होती. आता तिची नजर, दाजींची काचपट्टी ज्यातून निघाली होती, त्या बाबांच्या स्टीलच्या 'शुद्धी डब्या'वर गेली. एवढ्या उकाड्यात डब्याला बाहेरून पाणी सुटलं होतं आणि त्याच्याखालचं फडकं चिंब भिजलं होतं.

ती उभी राहिली. "बाबा, डब्यात यांची आणखी एक काचपट्टी आहे ना? पुन्हा दाखवा की!"

"हो हो, पुन्हा!" लोक ओरडले. बाबा खूश. दुसरी काचपट्टी लागली. पडदा पुन्हा निपचित. बाबांचा हात पुढे आला, तशी छोटी धावत मंचावर चढली.

"कोणी हात लावू नका! बाबांनी नाही, मीही नाही. पाच मिनिटं नुसतं बघू."

"ऊर्जेशिवाय मेलेलं उठत नसतं, पोरी!"

"मग नाही उठणार. तसं झालं तर सगळ्यांसमोर माफी मागेन."

एका दांडगट सेवकाने तिचा दंड धरला. तेवढ्यात दाजी उठले. सहा वर्षांत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता.

"सोड तिला. बीज माझं आहे. मला बघायचंय."

पहिलं मिनिट तसंच गेलं. दुसऱ्यात एक शेपटी थरथरली. मग तीन, मग दहा. पाचवं मिनिट संपेपर्यंत पडदा गजबजला होता. टाळी एकही वाजली नाही.

दाजींनी डबा उपडा केला. खालच्या कप्प्यातून बर्फाचा चुरा घरंगळला.

"गारठले की शुक्राणू थांबतात," छोटी म्हणाली. "ऊब मिळाली की पळतात. बाबांच्या तळव्याची ऊब चालते, तुमच्या तळव्याची चालते, मायक्रोस्कोपच्या या दिव्याचीही चालते. म्हणून तर बाबा गार काच क्षणभर दाखवतात आणि घाईने उचलतात. यापुढे कुणी काही करून दाखवलं, तर एकच विचारा, यांनी हात लावला नसता तर काय झालं असतं? आणि थांबून बघा. बाकी काही शिकलेलं नसलं तरी चालेल."

"आमची ध्यानाची वेळ झाली," असं म्हणत बाबा मागच्या दाराने सटकले. गळ्याजवळचा माइक मात्र चालूच होता. "गाडी काढ, गाडी!" हे तीनशे लोकांनी ऐकलं.

ताई जागची हलली नव्हती. छोटी जवळ आली, तसं तिने तोंड फिरवलं.

"म्हणजे दोष माझ्यातच. हेच सांगायला चढलीस ना वर?"

"नलिका बंद आहेत, ताई. पाय मोडला असता तर दोष म्हटलं असतंस का?"

ताईने वळून छोटीकडे बघितलं. मग तिने पर्समधून बर्फाच्या पाकिटात गुंडाळलेलं इंजेक्शन काढलं. बाबांसमोर फेकायला म्हणून आणलं होतं, तरी बर्फात ठेवायला ती विसरली नव्हती.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"पावणेसात," दाजी म्हणाले.

"इथे कुठे हात धुवायला मिळतील?"