बचावपथकाच्या स्लेडचा क्लच

नोरीन हॅलस्टेडने स्लेडच्या, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या इंजिनाच्या गाडीच्या, बाजूचं झाकण काढलं आणि दोन पावलं मागे सरकली. आतून जळक्या रबराचा आणि कुजक्या तेलाचा भपकारा आला.

"काय मेलंय आत?" ओट्टोने विचारलं. सत्तरी ओलांडलेला ओट्टो बिलेट हा डोंगरी बचावपथकातला सर्वांत जुना माणूस. आता डोंगरावर जात नसे, पण नोरीनच्या गॅरेजमधल्या शेगडीजवळची खुर्ची त्याने सोडली नव्हती.

"बेल्ट मेलाय. या महिन्यातला तिसरा."

बेल्टच्या चिंध्या क्लचभोवती गुंडाळल्या होत्या. तिने त्या पक्कडीने ओढून काढल्या. शेवटचा तुकडा हातात आल्यावर तिला गुरुवारची दुपार आठवली. वरच्या कड्याखाली ज्यून ओकाडा मांडीचं हाड मोडून पडली होती. शाळेत शिकवणारी, स्कीवर एकटी गेलेली बाई. नोरीन हीच स्लेड घेऊन तिला आणायला निघाली आणि अर्ध्या चढावर बेल्ट फुटला. जवळचा एकुलता एक जादा बेल्ट चढवला, तोही थोड्या अंतरावर फुटला. मग वादळ आलं. ज्यूनने रात्र बर्फात काढली. सकाळी हेलिकॉप्टरने तिला उचललं तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं गोठून कायमची गेली होती.

"तुझा काय दोष त्यात," ओट्टो म्हणाला.

"ते क्लच उघडल्यावर सांगेन."

तिने मधला लांब बोल्ट काढला, भोकात पाणी भरलं, पुलरच्या, म्हणजे क्लच ओढून काढणाऱ्या लांब स्क्रूच्या, आट्यांना टेप गुंडाळली आणि पुलर आत पिळायला घेतला. पाण्याचा दाब चढत गेला, पान्ह्यावर तिचं सगळं वजन पडलं, आणि 'टक्' आवाज करून क्लच शाफ्टवरून सुटला. बाकावर ठेवून तिने त्याची वरची टोपी उघडली.

आत लाल ग्रीस थापलं होतं. हा क्लच कोरडा ठक्क असावा लागतो. दोन तबकड्या, मध्ये बेल्ट. इंजिन पळालं की आतली वजनं बाहेर फेकली जातात, तबकडी सरकते, बेल्ट आवळला जातो. इथे ग्रीसमध्ये बेल्टचा भुगा मिसळून काळा, केसाळ लगदा झाला होता. मोरीच्या जाळीत अडकतो ना, तसा. नोरीनने तो बोटाने खरवडला. खालचा बुश, म्हणजे शाफ्टभोवतीची कडी, इतका झिजला होता की तबकडी डुगडुगत होती, आणि रोलर एका बाजूने सपाट झाले होते.

"ऑक्टोबरमध्ये मी नवीन बुश घातला होता," ती म्हणाली.

"घातला असशील दुसऱ्या कुठल्या गाडीत. वय झालं तुझंही."

"ओट्टो, मी उघडलेल्या प्रत्येक क्लचच्या आत तीन टिंबं ठोकते. दाखव बरं या घाणीत कुठे आहेत."

ओट्टो चष्मा पुसून वाकला. तिने पेट्रोलच्या फडक्याने तबकडी लख्ख केली. टिंबं नव्हती. ओट्टोने त्या कोऱ्या धातूवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे हा आपला नाहीच," ओट्टो हळूच म्हणाला.

"नाही. आणि बिजागरीपासून टूथब्रशपर्यंत सगळ्याला लाल ग्रीस फासणारा गावात एकच आहे."

वेंडेल प्रूइट. पथकाचा प्रमुख, स्लेड ठेवायच्या शेडच्या किल्ल्या त्याच्याकडे. गाड्या ओढून नेणाऱ्या ट्रकचा मालक, हसरा, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारा. आणि नोरीनच्या धाकट्या बहिणीचा, डॉरीचा, नवरा.

तिने तीनदा साबणाने हात धुतले. तरी तिला ते स्वच्छ वाटेनात.

त्या रविवारी अग्निशमन केंद्रात पथकाच्या मदतीसाठी पॅनकेकची न्याहारी होती. नोरीन पुलर पिशवीत घालून गेली, मागोमाग ओट्टो. दाराबाहेर वेंडेलची स्वतःची स्लेड मुलांना बघायला उभी केली होती, पताका लावून. आत वेंडेल ॲप्रन बांधून तव्यापाशी उभा होता आणि पॅनकेक उलटता उलटता गुरुवारची गोष्ट रंगवून सांगत होता.

"डोंगराला दयामाया नसते बघा! आम्ही जिवाचं रान केलं. पण मशीन ते मशीन, त्याला कोण काय करणार?"

लोक माना डोलावत होते. रांगेत ज्यूनचा नवरा केन ओकाडाही ताट घेऊन उभा होता. वेंडेलने त्याच्या ताटात एक पॅनकेक जास्तीचा वाढला. नोरीनने पिशवी उचलली.

ती बाहेर आली, गुडघ्यांवर बसली आणि वेंडेलच्या स्लेडचं झाकण काढलं. बॅटरीच्या उजेडात, तबकडीच्या आतल्या कडेला, तिची तीन टिंबं ओळीने उभी होती.

वेंडेल कालथा हातात घेऊनच धावत आला. "ए नोरीन! काय चाललंय तुझं?"

"माझा क्लच घेऊन चाललेय."

"अगं, हळू बोल." तो खाली वाकला. त्याच्या अंगाला मेपलच्या पाकाचा गोड वास येत होता. "ती पथकाची गाडी हिवाळाभर शेडमध्ये नुसती उभी असते. माझा बुश गेला, नवा क्लच मार्चपर्यंत मिळत नव्हता. डोंगरावर स्लेड चढवायची शर्यत तोंडावर आलेली, म्हणून क्लचची अदलाबदल केली. वसंतात परत बसवणारच होतो मी."

"पहिला बेल्ट फुटला तेव्हा तुला कळलं. दुसरा फुटला तेव्हाही कळलं."

"बेल्ट कुणाचाही फुटतो."

"गुरुवारी मी वायरलेसवर ओरडत होते, दुसरी गाडी पाठव म्हणून. तू म्हणालास, माझी केलोनाला दुरुस्तीला गेलीय."

"केलोनाला?" मागून डॉरीचा आवाज आला. ती पाकाचा जग घेऊन दारात उभी होती आणि तिच्यामागे अर्धं गाव. "ती तर आपल्या गॅरेजात होती, वेंडेल. मी तिच्यावर धुणं वाळत घातलं होतं."

वेंडेलचा चेहरा विस्तवासारखा लाल झाला. "माझी गाडी वर पाठवली असती तर सगळ्यांनी क्लच बघितला असता," असं काहीतरी तो पुटपुटला, आणि आपण काय बोलून गेलो हे कळताच दारातल्या गर्दीकडे पाहू लागला. मग नोरीनच्या दंडाला धरून म्हणाला, "मुलांसमोर नको गं. घरचेच आहोत आपण."

"हात काढ."

त्याने काढला. ओट्टो पुढे येऊन दोघांच्या मध्ये उभा राहिला, खिशात हात घालून, जणू सहज. नोरीनने बोल्ट सोडवला, कुणीतरी पेल्यातून पाणी आणून दिलं, आणि तिने पुलर पिळला. क्लच सुटल्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला.

केन ओकाडा कचऱ्याच्या पिंपाजवळ गेला, ताटातलं सगळं आत खरवडलं, ताट धुवायला ठेवलं आणि निघून गेला. वेंडेलकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

दुपारीच नोरीनने क्लच पथकाच्या स्लेडवर बसवला. तबकड्या घासून कोरड्या केल्या, नवा बेल्ट घातला, दोन बेल्ट सीटखाली बांधले आणि त्याच चढावर गाडी पळवली. ती एका दमात कड्याखालपर्यंत गेली. इतकं सोपं होतं ते. नोरीनने इंजिन बंद केलं आणि बर्फात थुंकली.

पथकाने वेंडेलला काढलं. दोघातिघांनी त्याची बाजू घेतली, इतक्या वर्षांची सेवा वगैरे. ओट्टोने त्यांना विचारलं, "तुमची बायको पडली असती तर?" तिथे बैठक संपली. किल्ल्या डॉरीने आणून टेबलावर टाकल्या. ती आता बहिणीच्या माडीवर राहायला आली होती. "तो जेवताना माझ्याशी बोलतो," ती एवढंच म्हणाली, "आणि मला त्याचं तोंड हलताना बघवत नाही."

नोरीन ज्यूनला भेटायला इस्पितळात गेली. पाय लोखंडी सळ्यांत अडकवलेला, चेहरा उतरलेला. नोरीनने काही न लपवता सगळं सांगितलं. ज्यून छताकडे बघत ऐकत राहिली.

"केनने सांगितलं होतं थोडंफार," शेवटी ती म्हणाली. "मला वाटलं, रागाच्या भरात वाढवून सांगतोय." मग तिने खिडकीकडे हनुवटी केली. तिथे पिवळ्या फुलांचा मोठा गुच्छ होता. "वेंडेल शनिवारी घेऊन आला होता. अर्धा तास बसला इथे. माझा हात धरून रडला, नोरीन. मीच त्याची समजूत घातली."

नोरीन उठून खिडकीपाशी गेली.

"मला उठता येत नाही," ज्यून म्हणाली. "नर्सला सांगायची लाज वाटते, फुलं चांगली ताजी आहेत म्हणून. तू टाकशील?"

नोरीनने गुच्छ फुलदाणीतून उपसला. देठांतून पाणी गळत होतं. लिफ्टची वाट न बघता ती जिन्याने खाली उतरली आणि इस्पितळामागच्या मोठ्या पिंपात, वापरलेल्या मलमपट्ट्यांच्या पिशव्यांवर, तो फेकून आली.