पाण्यात तोललेलं पोरगं

रतनलाल सराफांच्या कांतीला तालमीचा नाद लागला आणि जळगावातल्या त्यांच्या घराची शांतता गेली. चौदा वर्षांचं पोरगं रोज सकाळी इसाक उस्तादांच्या तालमीत जाऊन मुदगल फिरवायचं, दगडी गोळा उचलायचं.

"वाढत्या वयात ओझं उचललं की हाडं दबतात," आई भंवरीबाई म्हणायची. "बुटका राहशील. बंद कर!"

"बाई, उलट भरतात," कांती आईला सांगायचा. "उस्ताद सांगतात."

भरतात की दबतात? रतनलाल शेठना हा प्रश्नच भारी आवडला. दागिना भरीव की पोकळ, हे ते पाण्यात तोलून सांगायचे. मग घरचाच नग का नाही?

"तोलू या," ते म्हणाले. "भरीव निघाला तर तालीम, पोकळ निघाला तर दुकान."

डाळ मिलमधून पोत्यांचा काटा आला. हौदावर वासा टाकून टांगला. एकीकडे वजनं, दुसरीकडे दोरीच्या झोळीत लंगोट लावलेला कांती. आधी हवेत तोलला. मग हमाल पुनाने झोळी पाण्यात सोडली. पाणी गारठ! कांतीने घाबरून छातीभर श्वास घेतला अन् ओंडक्यासारखा वर आला.

"पोऱ्या ते तरंगी ऱ्हायना, बुडस नही, शेठ!" पुना ओरडला.

"पोकळ!" शेठ म्हणाले.

गेली तालीम! कांतीला रडूच फुटलं.

"शेठ, हाडाला कशाला बदनाम करता?" पोराबरोबर आलेले इसाक उस्ताद कळवळले. "छातीत हवा हाय त्याच्या. दागिन्यातली लाख काढून तोलता ना? मग याची हवा काढा की!"

हे सराफाला पटलं. काठावर ओणवे होऊन त्यांनी स्वतः पोराचं डोकं दाबलं. वासा कडाडला. काटा, वजनं, शेठ, सगळं हौदात! लोखंडी दांडी कांतीच्या मनगटावर आपटली. पडताना शेठचं मनगट नुसतं काठावर टेकलं. बोंबलले मात्र शेठ.

दवाखान्यात एक्स-रे निघाला. शेठचं हाड मोडलं होतं.

"पोराचाही काढा," ते कण्हत म्हणाले. "शेजारी दुसरा नग असल्याशिवाय कस कळत नाही."

डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा उजेडात धरल्या. बापाचं हाड धुरकट. पोराचं पांढरंफेक, जाड काठाचं, साधी चीर नाही.

"फिल्मवरून नेमकं माप निघत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण वाढत्या वयात बेताबेताने जोर पडला की हाड भरतं, हे खरं. शेठ, तुम्ही आजवर काय उचललंत?"

"तोळा," भंवरीबाई म्हणाली. "अन् याच्या उंचीचं काय?"

"ही काळी रेघ बघा. हाड इथून वाढतं. शाबूत आहे, म्हणजे उंची अजून वाढणार."

भंवरीबाईने फिल्म डोळ्यांशी नेली, आडवी धरली, उभी धरली. कांतीचा जीव टांगणीला.

"जा," ती अखेर म्हणाली. "पण उस्तादांना सांग, बेताबेताने."

"डॉक्टर," शेठने हळूच विचारलं, "माझं हाड अजून भरेल का?"

"थोडंफार. तालमीत जावं लागेल."

"तालीम नंतर," भंवरीबाई म्हणाली. "हात बरा झाला की आधी घरातली घागर उचलून दाखवा."