फोटोखालची रिकामी चौकट

त्याच्या कार्डावर ‘प्रकाशकवी’ असं छापलेलं होतं. बाजारात मात्र सगळे त्याला ‘हलूनका’ म्हणत, कारण कॅमेरा डोळ्याला लागला की त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे. नवरा-नवरींनी हलू नये, बाळाने हलू नये, खिडकीच्या पडद्याने हलू नये. जगाने आपल्यासाठी जरा थांबावं, एवढीच त्या गरिबाची अपेक्षा.

या हलूनकाला आता वेबसाइट हवी होती आणि ती त्याची भाची करून देणार होती. भाचीचा तो धंदाच. मामा तिच्यासमोर वही उघडून बसला. वहीत दुसऱ्यांच्या साइटवरून टिपलेल्या करामती होत्या. पान उघडलं की आधी नुसता काळोख. मग संगीत. मग फोटो धुक्यातून तरंगत येणार आणि माऊस जवळ नेला की लाजून मागे सरणार. अक्षरं पांढऱ्यावर फिकट राखाडी, कारण ठळक अक्षरं म्हणे बाजारू दिसतात. बटणं तर नकोतच.

“रसिकाला बरोबर कळतं कुठे दाबायचं,” मामा म्हणाला.

“मामा, तुझ्या रसिकाला चष्मा लागलेला असतो,” भाची म्हणाली. “आपण साधं एचटीएमएल वापरू. खरी बटणं, खऱ्या लिंका, गडद अक्षरं. जुन्या फोनवरही उघडेल. ज्याला माऊस धरता येत नाही त्याला कीबोर्डवरून फिरता येईल. आणि ज्याला दिसत नाही त्याला त्याचा फोन वाचून दाखवेल.”

“ज्याला दिसत नाही तो फोटोंच्या साइटवर कशाला तडमडायला येतोय?”

“नाना येतील,” भाची म्हणाली.

मामाने वही मिटली. नाना म्हणजे त्याचे वडील. हा स्टुडिओ त्यांनीच उभा केला, चाळीस वर्षं चालवला, पोराला हाताला धरून कॅमेरा शिकवला आणि त्या सगळ्या काळात त्याला एकदाही ‘छान’ म्हटलं नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. हलूनकाला बक्षिसं मिळाली, पेपरात नाव आलं, पण तो एक शब्द काही मिळाला नाही आणि आता तर मिळायची सोयही उरली नव्हती. ही साइट म्हणजे त्याची शेवटची आशा होती. निदान लोक काय म्हणतात ते तरी नाना ऐकतील.

म्हणून बटणांवर त्याने माघार घेतली. धुकंही गेलं, संगीतही गेलं. घोडं अडलं ते चौकटीवर. भाचीने प्रत्येक फोटोखाली एक रिकामी चौकट ठेवली होती. फोटोत काय आहे ते तिथे एका ओळीत लिहायचं. लिहिल्याशिवाय फोटो साइटवर चढणारच नाही, अशी तिने व्यवस्था केली होती. हलूनकाने पहिल्या चौकटीत लिहिलं, ‘मौनाचे पडसाद’. दुसऱ्या चौकटीत, ‘मौनाचे पडसाद, दोन’.

“अरे, मौन कसलं? पाटावर बसलेली बाई आहे ना ती? मग तसं लिही.”

“माझे फोटो स्वतः बोलतात!” मामा कडाडला. “त्यांना असली गाईडं लागत नाहीत. ती सक्ती आधी काढून टाक.”

“काढते. पण मग चौकट रिकामी दिसली की फोन फाइलचं नाव वाचेल.”

“वाचू दे की! मी काय फोनला घाबरतो?” म्हणत मामाने भरलेल्या दोन्ही चौकटीही पुसून टाकल्या.

रविवारी सकाळी स्टुडिओत उद्‌घाटन झालं. हलूनकाची बायको होती, भाची होती, शेजारच्या दुकानातला चष्मेवाला होता, आणि खुर्चीत नाना. बाकीचे मोठ्या पडद्यावर बघत होते. नानांनी स्वतःचा फोन काढला, आवाज मोठा केला आणि काचेवरून सराईतपणे बोट फिरवायला लागले.

आता हलूनकाची एक जुनी खोड. त्याला माणसांची नावं लक्षात राहत नसत, म्हणून फायलींना तो आपला खुणेची नावं द्यायचा. संगणकात ती बघायला कोण येतंय?

“रडकी नवरी, फायनल,” फोन परक्या उच्चारात, पण अगदी खणखणीत बोलला.

बायकोला हसू फुटलं. हलूनकाचा चेहरा खर्रकन उतरला.

“नकटी मावशी, दोन.” नानांचं बोट पुढे सरकलं. “कलप काका, तीन.”

चष्मेवाल्याचा हात आपसूक डोक्याकडे गेला. काळेभोर केस त्याने दोनदा चाचपले आणि पडद्यावरच्या आपल्याच फोटोकडे बघत म्हणाला, “हा माझाच ना रे?”

“फोन बिघडलाय,” हलूनका म्हणाला.

“फोन ठणठणीत आहे,” नाना म्हणाले. ते भलतेच खुशीत आले होते. “तुझं काम आज पहिल्यांदा नीट कळतंय मला.”

“नाना, पुरे आता. पुढे काही नाही.”

पण पुढे होतं. शेवटच्या पानावर एकच फोटो होता, सगळ्यांत मोठा, बक्षीस मिळालेला. तो ऐकवण्यासाठीच तर हा सगळा घाट घातलेला होता. हलूनका फोन हिसकावायला धावला, पण बोट आधी पोहोचलं.

“आंधळा म्हातारा, फायनल, फायनल.”

कोणी हसलं नाही.

“मीच ना?” नानांनी विचारलं. “काय दिसतंय त्यात?”

हलूनकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी सवय सुटेना. “छायाप्रकाशाचा एक हळवा...”

“ते राहू दे. मला दिसत नाही. काय दिसतंय ते सांग.”

त्याने पडद्याकडे पाहिलं. “तुम्ही दारात उभे आहात. हातात काठी. अंगात राखाडी स्वेटर.” तो थांबला. त्या दिवशी कॅमेरा का उचलला, ते त्याला पक्कं आठवत होतं. परीक्षकांनीही त्याचंच कौतुक केलं होतं. “स्वेटरची बटणं चुकलीत. एक बाजू वर, एक खाली. आतला सदरा बाहेर लोंबतोय.”

“राखाडी स्वेटर,” नाना म्हणाले. “म्हणजे बँकेत निघालो होतो तो दिवस.”

“हो.”

नानांचा हात छातीवर गेला आणि आज घातलेल्या सदऱ्याची बटणं वरून खाली एकेक करून तपासू लागला.

“सांगायचं होतंस रे मला,” ते म्हणाले. “तसाच जाऊन आलो मी.”