चौदा नंबरचा कॅमेरा

“चौदा नंबर तिकडे दिसता कामा नये,” जमादार म्हणाला. “बाकीचे त्रेसष्ट दाखवा. हवं तर माझं घर दाखवा. चौदा नाही.”

“हो साहेब.”

कामावर सगळे त्याला होयबाच म्हणायचे. कॅमेऱ्यांच्या जोडणीचं कंत्राटी काम घेऊन तो सकाळी आठपासून तुरुंगाच्या सर्व्हर खोलीत बसला होता. आतापर्यंत कॅमेऱ्यांचं चित्र फक्त पहाऱ्याच्या खोलीत दिसायचं. आज अकरा वाजता अंगणापलीकडच्या इमारतीत निरीक्षण समितीच्या बाई येणार होत्या, त्यांच्यासाठी तिथे मोठा पडदा लावला होता. जुन्या पद्धतीत कॅमेरा प्रत्येक पडद्याला वेगळी प्रत पाठवायचा, लाइन तुंबायची, चित्र गोठून जायचं. नव्या पद्धतीत, मल्टिकास्टमध्ये, कॅमेऱ्याने एकदाच पाठवायचं. ते कुठल्या वाटेने पुढे सोडायचं, कुठे अडवायचं, हे राउटिंग डीमन ठरवणार. डीमन म्हणजे मागे गुपचूप चालत राहणारा प्रोग्राम, त्याने जमादाराला सांगितलं.

“डीमन? राक्षस बसवताय होय?” जमादार हसला. “आधीचे आम्ही काय कमी आहोत?”

होयबाही हसला. सत्तावीस वर्षं तो असाच हसत आला होता. साहेब बोलला की हसायचं, नाकासमोर बघून काम उरकायचं, निघायचं.

जमादार गेल्यावर त्याने डीमनची फाइल उघडली. वाटा लिहिल्या. शेवटी एक ओळ घातली: चौदा नंबरचा पत्ता पलीकडे जाऊ द्यायचा नाही. मग डीमन सुरू करण्याआधी सवयीप्रमाणे एकेक कॅमेरा तपासू लागला.

चौदा नंबर म्हणजे कोठाराबाहेरचा बोळ. तिथे तीन पहारेकरी एका कैद्याला मारत होते.

आवाज नव्हता. दांडा नडगीवर बसला तसा माणूस खाली कोसळला. एकाने त्याच्या मनगटावर बूट ठेवला, दुसऱ्याने केस धरून डोकं उंबऱ्यावर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चेहरा वर आला, तेव्हा होयबाने त्याला ओळखलं. शिवणखात्यातला शिंपी. मागच्या महिन्यात केबल ओढताना दोन दिवस त्यानेच शिडी धरली होती. कोठडीतल्या मारहाणीबद्दल त्याने समितीकडे अर्ज केला होता आणि ती गोष्ट साऱ्या तुरुंगाला ठाऊक होती.

जमादार चित्रात आला. उकिडवा बसून त्याने शिंप्यापुढे कागद आणि पेन धरलं. शिंप्याने नाही म्हणून मान हलवली. जमादार उठला आणि त्याने टाच शिंप्याच्या डोळ्यावर मारली.

चित्र कुठेही अडखळत नव्हतं. रक्ताचा थेंबन्‌थेंब स्वच्छ दिसत होता. होयबाने काम चोख केलं होतं.

त्याने फाइलमधली शेवटची ओळ खोडली आणि डीमन सुरू केला. मग अकरा वाजलेले बघून पलीकडच्या इमारतीत फोन लावला.

“बाई, पडदा लागला का?”

“आत्ताच लागला. का हो?”

“चौदा नंबर बघा. मोठा करून बघा.”

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि फोन तसाच लोंबकळत राहिला.

दोन मिनिटांनी समितीच्या पांढऱ्या केसांच्या बाई बोळात धावत आल्या आणि दोन्ही हात पसरून शिंप्यापुढे उभ्या राहिल्या. एकाचा उगारलेला दांडा हवेतच थांबला.

जमादार मात्र चित्रातून नाहीसा झाला होता. होयबाला ते उमगेपर्यंत खोलीचं दार उघडलं.

“काय केलंस तू?”

“काम केलं.”

जमादाराने त्याचा उजवा हात पिरगाळून कपाटाच्या चौकटीत धरला आणि लोखंडी दार लाथेने लावलं. हाड मोडल्याचा आवाज होयबाला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. “बोटं लई चालतात ना तुझी?” दार पुन्हा लागलं. आणि पुन्हा.

शिंपी वाचला, पण त्याचा तो डोळा गेला. अर्ज त्याने मागे घेतला नाही. होयबाची तीन बोटं मोडली होती; ती पुन्हा पूर्ण वळणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

त्याच दुपारी इस्पितळात तुरुंगाच्या कचेरीतला कारकून त्याच्या खाटेशी आला. बायको उशाशी बसली होती.

“दार लागलं म्हणा,” कारकून हलक्या आवाजात म्हणाला. “अपघात. उगाच कशाला वाढवताय? पुढे कामं हवीत ना?”

डॉक्टरांनी जबाबाचा कागद पुढे ओढला. “कसं झालं?”

होयबाने बायकोकडे पाहिलं.

“दार लागलं नाही,” तो म्हणाला. “लावलं. जमादाराने. तीनदा.”

कारकून पाय न वाजवता निघून गेला. डॉक्टरांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि सही मागितली.

त्याने पेन डाव्या हातात घेतलं. कागद सरकू लागला, तशी बायकोने त्यावर तळहात ठेवला.

“सावकाश,” ती म्हणाली.

पहिलीतल्या पोराच्या अक्षरात त्याने नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं. आडनाव रेघेबाहेर गेलं. शेवटच्या अक्षराला पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं, तरी ते त्याने पुरं केलं.